गळत्या टाकीची जबानी

मित्रांनो, माणसाच्या संस्कृतीचा पाया कोणता, असे विचारले की मोठमोठे विद्वान घसा खाकरून सांगतात: अग्नी, चाक आणि लिपी. मला त्या तिघांविषयी आदर आहे. पण अग्नी विझला तर माणूस पांघरूण घेतो, चाक मोडले तर पायी जातो आणि लिपी येत नसेल तर अंगठा उठवतो. मी बंद पडले तर मात्र राजा असो वा प्रधान, बादली हातात घेऊन उभा राहतो, आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर कोणतीही संस्कृती दिसत नाही.

मी एक जुनी फ्लशची टाकी आहे.

हसू नका. हसणारा प्रत्येक जण आज सकाळी माझ्यासारख्या कोणाकडे तरी घाईघाईने गेलेला आहे.

आपली हकीकत सांगायला बसलेल्या वस्तू शेवटी सगळ्यांना क्षमा करतात, असे मी ऐकून आहे. फाटकी छत्री क्षमा करते, तुटकी खुर्ची क्षमा करते. मी करणार नाही. मी रागावलेली आहे, आणि का रागावले आहे ते सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही.

माझा जन्म पांढऱ्या मातीचा. एका कारखान्यात मला साच्यात ओतले, वाळवले, काचेसारखा लेप दिला आणि भट्टीत घातले. भट्टीबद्दल मी बोलत नाही. तुम्ही नुकतेच जेवला असाल. बाहेर आल्यावर जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई लाकडी हातोडी घेऊन आली आणि रांगेतल्या प्रत्येक टाकीला एकेक ठोका देत चालली. तडा गेलेल्या टाक्यांचा आवाज बद्द येत होता. मी 'टण्ण' वाजले. ''ही खणखणीत आहे,'' ती म्हणाली. माझ्याविषयी माणसाच्या तोंडून निघालेले ते पहिले वाक्य. एवढे चांगले वाक्य पुढे फारसे वाट्याला आले नाही.

मला विकत घेतले ते टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. तिसऱ्या मजल्यावर त्याचे तीन खोल्यांचे घर होते. संडास स्वयंपाकघराला लागून, मध्ये एका विटेची भिंत. त्यामुळे घरात कोण काय बोलते ते मला सगळे ऐकू येते. परत कोणाला सांगता येत नाही, एवढेच. या घरात राहायला यापेक्षा चांगली लायकी नाही.

नळवाल्याने मला भिंतीवर बसवले तेव्हा हा माणूस शेजारी उकिडवा बसून बघत होता. माझ्या पोटात आहे काय, हे तुम्हालाही सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा अन्याय त्यातूनच झाला. बाहेर एक दांडी असते. ती दाबली की आत साखळी ओढली जाते. साखळीच्या टोकाला, तळाशी, एक रबरी झडप असते. ती उचलली की पाणी धाडकन खाली जाते. झडप परत बसली की नवे पाणी भरू लागते, आणि पाण्यावर तरंगणारा गोळा वर आला की नळ आपोआप बंद होतो. बस्स. एवढेच. यात जादू नाही, दैव नाही आणि कोणाच्या चारित्र्याचा संबंध तर मुळीच नाही. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा.

तो माणूस दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझे झाकण उचलायचा. झडपेवर साठलेले पांढरे क्षार जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचा, गोळ्याची तार बोटाने किंचित वाकवून पाणी हवे तिथे आणायचा आणि झाकण परत ठेवताना माझ्या पाठीवर थाप मारायचा. पाहुणे यायचे आणि बाहेर आल्यावर म्हणायचे, ''तुमची टाकी भरताना आवाजच येत नाही हो!'' मी मनातल्या मनात फुगायचे. तेवीस वर्षे एक थेंब वाया घालवला नाही मी.

मग तो माणूस निवृत्त झाला, विधुर झाला, आजोबा झाला. आणि त्याच्या मुलाने एके दिवशी प्रेमाने सांगितले, ''बाबा, तुम्ही आता आराम करा. कशाला हात लावू नका.''

हे वाक्य प्रेमाचे आहे असे माणसांना वाटते. मला विचारा. ज्या वस्तूला हात लावायला बंदी होते, ती काही दिवसांनी असून नसल्यासारखी होते. माणसांचे निराळे नसावे.

या मुलाला मी साहेब म्हणते. कचेरीत तो सूचना लिहायच्या खात्यात आहे. जिन्यात, लिफ्टमध्ये, पाण्याच्या पिंपावर ज्या पाट्या असतात, त्या लिहिणारे कोणीतरी असतेच ना? ते हे. साहेबांचा असा पक्का विश्वास होता की जगात काही बिघडले तर ते कोणाच्या तरी बेशिस्तीमुळे, आणि त्यावर उपाय म्हणजे नीट शब्दांत लिहिलेला कागद. फ्रिजवर कागद: 'दार उघडण्यापूर्वी काय हवे ते ठरवावे.' दिव्याच्या बटणावर कागद. बुटांच्या कपाटावर कागद. उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते. हे उंटाला चिकटवलेल्या कागदावरून हाकायचे.

साहेबांची बायको, म्हणजे घरची सून, दातांच्या दवाखान्यात काम करायची. मनाने वाईट नव्हती. पण तिला संडास सजवायची हौस आली. माझ्या झाकणावर तिने मातीची भलीमोठी कुंडी ठेवली. शेजारी शिंपल्यांची परडी, सुवासाची बाटली, जुन्या मासिकांचा गठ्ठा आणि कोणीतरी भेट दिलेला चिनी मातीचा हंस. हंसाची आणि माझी माती एकच. पण त्याला काही काम नव्हते, म्हणून त्याला मान होता.

असे माझे झाकण बंद झाले ते झालेच.

मग एका रविवारी माझी साखळी तुटली. नवीच मिळते; चिमूटभर वस्तू. पण त्या दिवशी जेवायला पाहुणे यायचे होते. साहेब धावत आले. कुंडी खाली, हंस खाली, झाकण खाली. आत डोकावून त्यांनी ''च्च'' केले, इकडेतिकडे पाहिले, बाहेर गेले आणि आपल्या काळ्या बुटाची एक नाडी काढून घेऊन आले. दांडीपासून झडपेपर्यंत ती नाडी बांधली. हवी होती टीचभर, बांधली दीड वीत. लोंबणारे टोक कापायचे सुचले नाही. ''तात्पुरतं,'' असे स्वतःशीच म्हणाले आणि सगळे वर ठेवून, हात पुसून पाहुण्यांना सामोरे गेले.

मित्रांनो, 'तात्पुरतं' हा शब्द ज्याने शोधून काढला, त्याला माझ्या भट्टीत घाला.

साहेब त्या सोमवारी ती नाडी विसरले. थोडी नाही, साफ. मंगळवारी बुटांच्या कपाटावर नवा कागद लागला: 'काळ्या बुटाची एक नाडी ज्याने नेली असेल त्याने ती जागेवर आणून ठेवावी.'

मी भिंतीआडून ऐकत होते. माझ्या पोटातले पाणी उकळायचेच बाकी होते.

आता त्या लांब नाडीने काय केले ते ऐका. दांडी सोडली की झडप खाली बसायची. चारपाच वेळा ती नीट बसायची. मग एखाद्या वेळी नाडीचे टोक झडपेखाली सापडायचे, केसाएवढी फट राहायची आणि माझे पाणी गुपचूप खाली झिरपू लागायचे. गोळा उतरायचा, नळ सुरू व्हायचा. तास तास. गच्चीवरची घराची मोठी टाकी माझी थोरली बहीण. ती बिचारी दुपारपर्यंत कोरडी व्हायची. आणि एके दिवशी सूनबाई केसांना साबण लावून उभ्या असताना नळाने फक्त फुस्स केले.

त्या किंकाळीनंतर घरात चौकशी बसली.

मला वाटले, आता झाकण उचलतील. कोणीही उचलले असते. पण ते साहेब होते. त्यांनी संडासाच्या दारावर तक्ता लावला. रकाने चार: नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, आणि 'दांडी पूर्ण सोडून पाणी थांबल्याची खात्री केली का? होय / नाही.' दोरीला पेन्सिल बांधली. शिवाय जो पुढे जाईल त्याने, पाणी वाहत असलेले आढळल्यास, आधीच्या माणसाच्या नावापुढे फुली मारायची.

घरात माणसे चार. साहेब आणि सूनबाई सकाळी जायची, संध्याकाळी यायची. त्यांची आठ वर्षांची मुलगी शाळेत जायची; तिला बिट्टी म्हणत. आणि आजोबा दिवसभर घरी. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची अशी गोळी दिली होती की त्यांना माझ्याकडे दिवसाकाठी अकरा वेळा यावे लागे. इतरांचे जेमतेम तीनचार.

दोन आठवड्यांनी साहेबांनी दारावर नवा तक्ता लावला आणि जुना टेबलावर पसरला.

''तेरा फुल्या,'' ते भिंतीपलीकडे म्हणाले. ''त्यातल्या आठ बाबांच्या नावावर. तेरापैकी आठ!''

''अगं बाई,'' सूनबाई म्हणाल्या.

मित्रांनो, जो माणूस अकरा वेळा येतो त्याच्या नावावर जास्त फुल्या पडणारच! चौथीतल्या मुलाला कळेल. पण सूचना लिहिणाऱ्याला कोण सांगणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. आणि चोर स्वतःच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला, एका पायात नाडी नसलेला!

''दांडी सोडायचं लक्षात राहत नाही त्यांच्या,'' साहेब म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. ते दुष्ट नव्हते हो. त्याचाच तर जास्त राग येतो. ''वयच झालं ना आता.''

''अहो, पण मग शाळेचं काय?'' सूनबाई कुजबुजल्या. ''रोज दुपारी बिट्टीला तेच आणतात. दोन रस्ते ओलांडायचे. उद्या तिला घ्यायचंच विसरले, किंवा वाटेत चुकले-बिकले म्हणजे?''

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

''सोमवारपासून शाळेची गाडी लावू,'' साहेब म्हणाले.

तुम्हाला हे छोटे वाटेल. मला ठाऊक आहे ते किती मोठे होते, कारण दुपारी सव्वादोनला आजोबा माझ्याकडे यायचे ते शीळ घालत. तोंड धुवायचे, भांग पाडायचे, आरशात बघून मिशी पिळायचे. दिवसाचे बाकीचे तास ते नुसते असायचे. अडीच वाजता ते कामाला निघायचे.

जेवताना त्यांना सांगण्यात आले.

''बाबा, तुमची फार दगदग होते.''

''दगदग? अडीचला निघतो, तीनला तिला घेतो, वीस मिनिटांत घरी. कसली दगदग?''

''तसं नाही...''

''मग कसं?''

''हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही, बाबा.''

''काय लक्षात राहिलं नाही?''

साहेबांनी तक्ता पुढे सरकवला. कागद टेबलावरून घासत गेल्याचा आवाज मी ऐकला. आजोबांनी फुल्या एकेक करून मोजल्या; आठच भरल्या. यंत्राच्या माणसाला लिहिलेल्या आकड्याचा फार धाक असतो.

त्या दिवसापासून घरात सगळे आजोबांशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले. कान त्यांचे उत्तम होते.

आणि आजोबा? आत यायचे, दांडी दाबायचे, सोडायचे, आणि मग तिथेच उभे राहून मला सांगायचे, ''सोडली. सोडली मी. आत्ता सोडली.'' बाहेर जायचे. दोन मिनिटांनी परत यायचे, कान लावायचे. तक्त्यावर 'होय'भोवती खूण करायला पेन्सिल उचलायचे आणि तशीच खाली सोडायचे. ज्या माणसाच्या हातांनी हजारो टाइपरायटर सुरळीत केले, तो स्वतःच्या हातावर विश्वास ठेवीनासा झाला. माझ्या आत दीड वीत पुरावा लोंबत होता आणि मला तोंड नव्हते. ते 'टण्ण' वाजलेले अंग काय कामाचे!

शुक्रवार उजाडला. आजोबांचा शाळेत जायचा शेवटचा दिवस.

दुपारी सव्वा वाजता ते आत आले. हातात निळ्या शाईची बाटली होती, शिक्क्याच्या पॅडवर घालतात ती. त्यांनी दार लावले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, ''एक तर मी बिघडलोय, नाहीतर तू. बघू या.''

कुंडी हलवली नाही. हात लावू नका सांगितले होते ना! झाकण फक्त चार बोटे सरकवले आणि फटीतून शाई आत ओतली. युक्ती साधी आहे, तुम्हीही करून पाहा. टाकीतले पाणी रंगवायचे, दांडीला शिवायचे नाही आणि वाट बघायची. खालच्या भांड्यात रंग उतरला तर टाकी गळते. नाही उतरला तर टाकी निर्दोष.

आजोबांनी बादली उपडी घातली, तिच्यावर बसले आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. आपण दांडीला हात लावला असे कोणी म्हणू नये म्हणून. 'कोणी'मध्ये ते स्वतःही होते.

वीस मिनिटे. भांडे पांढरेशुभ्र.

त्या वेळी नाडी नेमकी बाजूला पडली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी गळावे म्हणून तळमळत होते, आणि मेली एक थेंब गळेना!

आजोबांचे खांदे उतरले. पण ते म्हणाले, ''एकदा झालं ते नशीब. तीनदा झालं तर खरं.'' दुकानात टाइपरायटर तपासायचा हाच त्यांचा शिरस्ता होता. दांडी दाबली, सोडली, पुन्हा शाई. दोन वाजून गेले. भांडे पांढरे. आता ते बादलीवर नुसते बसले होते, भांड्याकडे बघतही नव्हते. तिसऱ्यांदा त्यांनी दांडी दाबली ती अगदी निरोप घ्यावा तशी.

उरलेली शाई ओतली. दोन वाजून बारा मिनिटे. सव्वादोन. वीस. आज शीळ नाही, भांग नाही, मिशी नाही. अडीचला दोन मिनिटे कमी असताना ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले, चपला शोधायला वळले, आणि जाता जाता एकदाच खाली बघितले.

भांड्याच्या मागच्या कडेवरून निळा दोरा उतरत होता. केसाएवढा बारीक.

आजोबा वाकले. चष्मा पुसला. परत वाकले. दोऱ्याची रेघ झाली, रेघेचा पट्टा झाला, तळाशी निळे वाढू लागले. त्यांनी दोन्ही हात परत काखेत दाबून धरले.

''गळतेस!'' ते म्हणाले. ''गळतेस की गं तू!'' आयुष्यात मला कोणी इतक्या आनंदाने शिवी दिली नव्हती.

त्यांचा हात सरळ कुंडीकडे गेला. आता झाकण उघडायचे, आत बघायचे, सगळा उलगडा करायचा! मी म्हटले, काढा! फेका तो हंस! पण भिंतीपलीकडच्या घड्याळाचा टोला पडला आणि हात हवेत थांबला.

''आधी पोर,'' आजोबा म्हणाले आणि निघून गेले.

निकाल हाताशी आला असताना! मी तिथे निळीनिळी होत एकटी वाहत राहिले आणि माझ्या संतापाला सीमा उरली नाही. नाही, त्यांच्यावर नाही. हा माणूस विसरतो म्हणे! स्वतःची अब्रू अर्धवट सोडून जो वेळेवर पोरीला आणायला जातो, तो विसरतो म्हणे!

तीन वीसला कुलूप वाजले.

''आजोबा, तू आज पळत का आलास? आणि तुझे हात निळे का? बाई पण बघत होत्या.''

''बघू दे. घंटा व्हायच्या आत आलो की नाही?''

''आत काय! फाटकात पहिला तूच होतास!''

मग दोघांनी मिळून कुंडी उतरवली. हंस बिट्टीने उतरवला आणि उलटा ठेवला. मला ती तेव्हापासून आवडते. झाकण निघाले. आजोबांनी बाही वर केली, निळ्या पाण्यात हात घातला आणि चाचपडता चाचपडता थांबले.

''काय आहे?'' बिट्टीने विचारले.

आजोबांनी गाठी सोडवल्या. एकूण तीन. नाडी बाहेर काढून त्यांनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. आता ओरडतील, असे मला वाटले. ते म्हणाले, ''बशी आण गं एक.''

संध्याकाळी साहेब आणि सूनबाई बरोबरच आले.

''बाबा!'' साहेब संडासाच्या दारातूनच ओरडले. ''कुंडी खाली का? हे निळं काय सांडलंय? शंभरदा सांगितलं, कशाला हात लावू नका म्हणून!''

''बिट्टी,'' आजोबा म्हणाले, ''बाबांची वस्तू त्यांना दे.''

बिट्टीने बशी पुढे केली. साहेबांनी खाली बघितले.

''ही... माझी नाडी आहे.''

''ओळखलीस. कपाटावर तुझी सूचना होती ना, ज्याने नेली त्याने आणून ठेवावी? आणून ठेवली.''

''कुठे होती?''

''टाकीत. साखळीच्या जागी. तिचं टोक झडपेखाली अडकायचं आणि पाणी झिरपायचं. तीन गाठी होत्या, एकीवर एक. अशा गाठी या घरात एकच माणूस मारतो. त्याला बूट बांधायला मीच शिकवलंय.''

साहेबांचा चेहरा मला दिसत होता. आधी त्यावर काहीच नव्हते. मग तो रविवार आला, पाहुणे आले, 'तात्पुरतं' आले, आणि सगळे एकदम उतरले.

''अहो, म्हणजे तुम्ही?'' सूनबाई म्हणाल्या. ''आणि सांगितलंही नाहीत?''

''अगं, पाहुणे येत होते... म्हटलं नंतर नवी साखळी आणू... ते राहूनच गेलं. विसरलो मी.''

''होतं असं,'' आजोबा अगदी मायेने, मोठ्याने आणि सावकाश म्हणाले. ''फार दगदग होते रे तुझी. सोमवारपासून तुला कचेरीत जायला गाडी लावायची का? एकटा जाऊन चुकलास-बिकलास म्हणजे?''

सूनबाईंना फस्सकन हसू आले. आणि लगेच तोंडावर हात गेला, कारण ते 'चुकलास-बिकलास' त्यांचेच होते आणि भिंत एका विटेची आहे आणि त्या दिवशी अलीकडे आजोबा होते, हे त्यांना आत्ता कळले.

''बाबा, चुकलं आमचं,'' त्या म्हणाल्या.

क्षमा मागायची सूचना साहेबांनी कधी लिहिली नव्हती. ते बाहेर गेले. भिंतीपलीकडून फोन ऐकू आला: ''हो, सोमवारची गाडी रद्द करा. नाही नाही, तक्रार काही नाही. आजोबा आणतात तिला.'' मग जिना उतरल्याचा आवाज, अर्ध्या तासाने चढल्याचा. परत आले तेव्हा हातात नवी साखळी होती. दारावरचा तक्ता त्यांनी काढला, चुरगळला आणि माझ्यासमोर आजोबांच्या शेजारी उकिडवे बसले.

''बाबा, किती सैल ठेवायची असते?''

''दोन कड्या. जास्त ठेवलीस तर खाली सापडते, कमी ठेवलीस तर झडप बसतच नाही. ओढून बघ. हां. आता सोड.''

त्यांनी सोडली. झडप 'टप' करून बसली. गोळ्याची तार आजोबांनी बोटभर खाली वाकवली, आणि भरता भरता मी गप्प झाले.

आता तुम्हाला वाटेल, झाले गोड. माझे नाही झाले! साखळी बदलून मिळाली; ते तीन आठवडे कोण बदलून देणार? अजूनही कधीकधी आजोबा दांडी सोडतात आणि त्यांचे ओठ हलतात. तेवढे एक त्या निळ्या पाण्याबरोबर वाहून गेले नाही.

म्हणून मित्रांनो, माझे सांगणे कान देऊन ऐका. घरातले काही बिघडले तर आधी झाकण उचला. माणसाच्या नावापुढे फुली मारण्याआधी उचला. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे बघायचे वाकून, ही खोड मोडा. म्हाताऱ्या हातांना काम द्या. ते हात थांबले की माणूस आतून गळू लागतो, आणि ती गळती कोणत्याही शाईने दिसत नाही. हा माझा उपदेश नाही, हा माझा दरडावून दिलेला हुकूम आहे. यापुढे जगात एकाही निरपराध माणसावर...

थांबा. दार वाजते आहे. तुम्ही हे सगळे आत बसून वाचत होता होय? उठा बघू आता, बाहेर कोणीतरी केव्हाचे ताटकळले आहे.